ट्रॉफीच्या पाठीमागे स्क्रू आहे का ते आधी बघा

मागच्या महिन्यात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की सत्कारात दिलेली ट्रॉफी दहा वर्षांनी कुठे असेल याचा विचार देणाऱ्याने करायला हवा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मी स्वतः चौदा वर्षं ट्रॉफी आणि पाट्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम केलंय, लेझर मशीनवर पण आणि पॅकिंगच्या टेबलावर पण, त्यामुळे खाली जे लिहितेय ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : ताई, आमच्या शाळेत दरवर्षी दीडशेच्या आसपास बक्षिसं द्यावी लागतात. यंदा मुख्याध्यापकांनी सांगितलंय प्लास्टिकचे कप बंद, बांबूचे मोमेंटो घ्या. सॅम्पल आलंय, दिसायला छान आहे. बांबू म्हटल्यावर बाकी काही बघायची गरज नाही ना? (एक शिक्षिका)

बघायची गरज आहे, आणि सगळ्यात आधी त्याची कड बघा. सॅम्पल हातात घ्या, उजेडात आडवं धरा. खऱ्या बांबूच्या पाटीची कड बघितली की अरुंद पट्ट्या एकाला एक चिकटवलेल्या दिसतात, मधेच कुठेतरी पेराची गडद रेघ येते. तसं काही न दिसता कड सगळीकडे एकसारखी तपकिरी, पुठ्ठ्यासारखी दिसली तर ते एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेला बोर्ड आहे आणि वरती बांबूचा कागदाएवढा पातळ थर लावलाय. कडेला टेप मारून झाकलेलं असेल तर नखाने टेपचं टोक उचलून बघा, सॅम्पलच आहे, ते त्यासाठीच असतं. आमच्याकडे एकदा असा माल "सॉलिड बांबू" म्हणून आला होता आणि लेझरखाली घातल्यावर दोन मिनिटांत कळलं, कारण एमडीएफ कापताना जो उग्र वास सुटतो तो बांबूला येत नाही.

आता खरा बांबू असला तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. बांबू हे गवत आहे, तीन ते पाच वर्षांत तोडण्याजोगं होतं आणि तोडल्यावर त्याच मुळातून परत फुटतं, हे सगळं चांगलंच आहे. पण बांबू पोकळ असतो, त्याची सपाट पाटी आपोआप बनत नाही. पट्ट्या काढायच्या, उकळायच्या, सुकवायच्या, रंधायच्या आणि मग गोंद लावून प्रेसमध्ये दाबायच्या. तो गोंद बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडवाला असतो, म्हणजे त्यातून डोळ्या-नाकाला त्रास देणारा वायू हळूहळू हवेत सुटत राहतो. म्हणून विचारायचा प्रश्न "बांबू आहे का" एवढाच नाही, "गोंद कुठला, आणि त्याचा एमिशन ग्रेड काय", म्हणजे त्यातून तो वायू किती सुटतो, हा पण आहे. ज्याला माल माहीत आहे तो ई-वन किंवा ई-झिरो असं काहीतरी लगेच सांगेल, कागद पण दाखवेल. सारवासारव सुरू झाली की समजून जा. आणि गडद बांबू दिसला तर तो रंगवलाय असं समजू नका, वाफेवर शिजवून आतली साखर करपवली की तो रंग येतो, फक्त तसा बांबू साध्यापेक्षा थोडा मऊ पडतो, कोपरे लवकर दबतात. लहान मुलांच्या हातात देणार असाल तर फिकट रंगाचाच घ्या.

अजून एक मनापासून सांगते. दीडशे मुलांना दीडशे पाट्या हव्यातच का? पहिल्या नंबरला छोटी पाटी आणि बाकीच्यांना पुस्तक किंवा रंगांची पेटी दिली तर मुलं ते रोज वापरतात. ॲशेसचा मूळ कलश जेमतेम ११ सेंटीमीटर उंच आहे, तोही मातीचा, आणि त्याच्यासाठी दोन देश इतकी वर्षं जीव तोडून खेळतायत. आकाराने मान वाढत नाही हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

प्रश्न : मी कंपनीत एचआरला आहे. व्हेंडर म्हणतो आमचे अवॉर्ड १०० टक्के रीसायकल्ड ॲक्रिलिकचे आहेत, आणि वर इको फ्रेंडली असं छापून पण देतो. यावर विश्वास ठेवायचा का?

आधी त्याला एवढंच विचारा की रीसायकल्ड म्हणजे कशातून आलेलं. यात दोन प्रकार असतात. लोकांनी वापरून टाकून दिलेल्या वस्तूतून आलेलं ते पोस्ट-कंझ्युमर, आणि कारखान्यातच कापताना उरलेलं पण दुसरीकडे गेलेलं ते प्री-कंझ्युमर. कंपन्यांनी स्वतःहून असे दावे करताना कसे करावेत याचं आयएसओ १४०२१ नावाचं स्टँडर्ड आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्या प्रक्रियेत भंगार निघालं त्याच प्रक्रियेत ते परत घातलं तर त्याला रीसायकल्ड म्हणायचं नाही. म्हणजे स्वतःच्याच मशीनचे तुकडे दळून परत शीट ओतली तर ती काटकसर झाली, चांगलीच गोष्ट आहे, पण तो दावा तिथे चालत नाही. हे व्हेंडरला मेलवर विचारा, फोनवर नको, कारण मेलला उत्तर लिहून द्यावं लागतं.

हे इतकं ठामपणे सांगायचं कारण म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा रीसायकल्ड म्हणून शीट आल्या, ऑर्डर घाईची होती, प्रत्येक तुकड्याच्या मागे "पुनर्वापर केलेल्या साहित्यापासून" असं मी स्वतः कोरलं, आणि नंतर पुरवठादाराकडे कागद मागत राहिलो तो आलाच नाही. चारशे लोकांच्या घरी माझ्या हाताने कोरलेलं ते वाक्य आहे आणि ते खरं आहे की नाही हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून कागद हातात आल्याशिवाय मी असं काही कोरलेलं नाही.

ॲक्रिलिकबद्दल खरं सांगायचं तर ते तापवून परत त्याच्या मूळ रसायनात नेता येतं, नवी शीट ओतता येते, तंत्र आहे. पण त्यासाठी माल स्वच्छ आणि वेगळा केलेला लागतो. तुमच्या ट्रॉफीवर धातूची पट्टी चिकटवलेली, मागे मखमल, वर रंगीत प्रिंट असेल तर ती कोणीच घेत नाही. म्हणून मी ॲल्युमिनियमकडे जास्त झुकते. भंगारातून ॲल्युमिनियम बनवायला नवीन धातू काढायच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते आणि मुख्य म्हणजे ते भंगारात द्यायला गेलात तर कोणी नाही म्हणत नाही. पितळाचं पण तसंच.

आणि ते इको फ्रेंडली लिहिणं बंदच करा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये असा निर्देश काढलाय की पुराव्याशिवाय असे मोघम शब्द ग्राहकांना विकताना वापरायचे नाहीत, आणि तो सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचा आहे. तुम्हाला तो लागू होवो न होवो, "८० टक्के वापरलेल्या ॲल्युमिनियमपासून" असं लिहिणं जास्त सच्चं वाटतं, अर्थात ते ८० टक्के असेल तरच.

प्रश्न : लाकडी मोमेंटोवर झाडाचा शिक्का असतो, एफएससी. तो खरा आहे का हे कसं ओळखायचं?

एफएससी ही जंगलं नीट सांभाळली जातात का ते तपासून लाकूड प्रमाणित करणारी संस्था आहे. शिक्क्याखाली एफएससी-सी आणि पुढे सहा आकडी नंबर असतो. तो नंबर एफएससीच्या साइटवर टाकून बघा, कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नसेल तर तो नुसता शोभेचा झाड-शिक्का समजा. आणि लेबल तीन प्रकारची असतात, १०० टक्के, मिक्स आणि रीसायकल्ड, मिक्स म्हणजे सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं असं नसतं.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, आम्ही रनिंग इव्हेंट करतोय, तीन हजार लोक येतील असं वाटतंय. धातूची मेडल्स नकोत म्हणून लाकडी करायची ठरवतोय. बरोबर आहे का? आणि टोकियो ऑलिम्पिकवाल्यांनी मोबाइलपासून मेडल बनवली होती ना, तसं काही करता येईल का?

तुझा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं. टोकियोचं आधी सांगते. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत त्यांनी देशभरातून जवळपास ७९ हजार टन जुनी छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणं गोळा केली, त्याशिवाय ६२ लाखांच्या वर मोबाइल, आणि त्यातून ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ निघालं, त्यातून सुमारे पाच हजार मेडल्स झाली. हे आकडे परत एकदा वाच. एवढ्या ढिगातून सोनं निघालं ३२ किलो. सुवर्णपदकात पण सोनं फक्त वरचा थर असतो, सहा ग्रॅमच्या आसपास, आत चांदी. म्हणजे हे काम अख्ख्या देशाने दोन वर्षं केलं तेव्हा झालं, कॉलेजच्या पातळीवर ते जमणार नाही आणि घरी ॲसिड वापरून धातू काढायचा प्रयत्न तर चुकूनही करू नका, त्यात जीवाला धोका आहे. पण इव्हेंटच्या दिवशी जुने फोन आणि चार्जर जमा करायचा बॉक्स ठेवून ते नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे देता येतील, ते नक्की कर.

लाकडी मेडल चांगली, पण प्लायची असेल तर त्यातही गोंद आहेच आणि तीन हजार तुकडे कापताना उरलेली जाळी तेवढीच मोठी असते. गोल मेडलपेक्षा षटकोनी कर, एकाला एक लागून बसतात, शीट खूप कमी वाया जाते. आम्ही गोलाचं षटकोनी करून बघितलं होतं तेव्हा कचऱ्याची पोती जाणवण्याइतकी कमी झाली. दुसरं म्हणजे रिबिन. सगळे मेडलबद्दल बोलतात आणि पॉलिस्टरची रिबिन तशीच राहते. रिओ ऑलिम्पिकला २०१६ मध्ये रिबिनीत निम्मा धागा जुन्या प्लास्टिक बाटल्यांचा होता, तुला सुती नाडी पण चालेल. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, नाव नोंदवतानाच विचारा की मेडल हवंय का. बरेच जण नको म्हणतात, त्यांच्याकडे आधीच खिळ्यावर गुच्छ लटकत असतो. आणि मेडलवर तारीख छापू नका, वर्ष रिबिनीवर छापा, म्हणजे उरलेली मेडल्स पुढच्या वेळी चालतील.

प्रश्न : वडील खेळाडू होते. ते गेल्यावर कपाटात त्यांच्या साठ-सत्तर ट्रॉफ्या आहेत. घर बदलतोय, एवढं नेता येत नाही आणि टाकवत पण नाही. काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घाई करू नका, एक रविवार काढा आणि कोणाला तरी सोबत घेऊन बसा.

आधी सगळ्यांचे फोटो काढा, नावाची पट्टी वाचता येईल असे जवळून. पट्टीवर धूळ असेल तर ओल्या फडक्याने पुसा, घासू नका, जुन्या पट्ट्यांवरचा रंग निघतो. मग त्यातल्या ज्यांच्याबद्दल ते बोलायचे त्या बाजूला काढा. पाच असतील, सात असतील, त्या जशाच्या तशा ठेवा.

बाकीच्यांना उलटं करा. तळाला हिरवं किंवा काळं फेल्ट (जाडसर मऊ कापड) चिकटवलेलं असतं, ते एका कोपऱ्यातून सोललं की मधे खळगा दिसतो आणि त्यात एक नट. त्या काळातल्या बहुतेक ट्रॉफ्यांमध्ये वरपासून खालपर्यंत एक आटे पाडलेली सळई असते आणि त्याच नटावर सगळं उभं असतं. पान्याने नट सोडवला की अख्खी ट्रॉफी सुट्टी होते, वरचा खेळाडू, मधला खांब, कप, वॉशर, खालचा दगड. गंजला असेल तर तेलाचे दोन थेंब टाकून तासभर थांबा. आता ढीग लावा. खालचा मार्बल जड आणि चांगला असतो, त्याचे बुकएंड होतात, कागदावर ठेवायला होतात, ट्रॉफी बनवणारे पण परत घेतात. सोनेरी खेळाडूला चुंबक लावा, मग नखाने वाजवून बघा. टकटक असा पोकळ आवाज आला तर ते प्लास्टिक आहे, त्यावर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमचा अगदी बारीक थर चढवून वर सोनेरी लॅकर मारलेलं असतं, ते रीसायकलला कोणी घेत नाही. जड असेल, चुंबक चिकटत नसेल आणि ओरखड्याखाली करडा रंग दिसला तर ते बहुधा जस्ताचं मिश्रण, भंगारात जातं. ओरखड्याखाली पण पिवळंच दिसलं तर पितळ, ते नीट वेगळं ठेवा. क्रिस्टलच्या काचेला मात्र बाटल्यांच्या काचेत टाकू नका, तिची घडण वेगळी असते, जुन्या लेड क्रिस्टलमध्ये तर २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं, बाटल्यांची अख्खी खेप खराब होते.

नावाच्या पट्ट्या सगळ्या काढून घ्या. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम केलं की मागचा गोंद सैल होतो, मग पातळ पट्टी सरकवून उचला. त्या साठ पट्ट्या एका लाकडी फ्रेममध्ये वर्षांच्या क्रमाने लावल्या तर एका भिंतीवर तुमच्या वडिलांची सगळी कारकीर्द बसते. एका बाईंना मी अशी फ्रेम करून दिली होती, त्या ती घेऊन जाताना दारात थांबून पहिली पट्टी बोटाने वाचत होत्या, ती त्यांच्या जन्माच्या आधीच्या वर्षाची होती.

आणि हेच काम आजच्या ट्रॉफीबरोबर करायला गेलं की जमत नाही, कारण आता सगळं चिकटवलेलं असतं. काच लाकडाला, लाकूड धातूला, धातू ॲक्रिलिकला, सगळं एका पारदर्शक गोंदाने. चारही वस्तू वेगवेगळ्या चांगल्या आणि एकत्र आल्या की कचरा. म्हणून मला कोणी विचारलं की कुठलं मटेरियल घेऊ, तर मी आधी विचारते की पाठीमागे स्क्रू आहे की गोंद.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकची ट्रॉफी केली, ती मक्यापासून बनते म्हणे. नको झाली की मातीत पुरली तर चालेल?

नाही. पीएलए कुजायला ५८-६० डिग्रीच्या आसपास सतत तापमान लागतं, ते मोठ्या औद्योगिक कंपोस्टमध्ये मिळतं, कुंडीत नाही. मातीत ती वर्षानुवर्षं तशीच राहील. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका, साठच्या आसपास ती मऊ पडून वाकते.

प्रश्न : बियांच्या कागदावर सर्टिफिकेट द्यायचा विचार आहे, कसा वाटतो?

कल्पना गोड आहे पण सर्टिफिकेट लोक जपून ठेवतात, पेरत नाहीत, आणि फाइलमध्ये पडून बियांची उगवण कमी होत जाते. तो कागद निमंत्रणाला किंवा पाकिटाला वापरा, ते तसंही टाकलंच जातं. बी तुमच्या भागातलंच आहे ना ते विचारा. आणि लेझर प्रिंटरमधून काढू नका, आतला रोलर चांगलाच तापतो, हाताने लिहिलेलं जास्त छान दिसेल.

प्रश्न : झाडाच्या गोल चकतीवर नाव कोरून सन्मानचिन्हं दिली. दोन महिन्यांत निम्म्यांना मधोमध चीर गेली, फार वाईट वाटलं. आमचं काय चुकलं?

तुमचं फार काही चुकलं नाही, चकतीचा स्वभावच तो. लाकूड सुकताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे आख्खी गोल चकती कुठेतरी फाटणारच, पाचरीसारखी चीर पडते. पुढच्या वेळी गाभा सोडून कापलेली उभी फळी घ्या, आणि ओलावा ८ ते १२ टक्के आहे हे मीटर लावून बघितल्याशिवाय कोरू नका. जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड मिळालं तर सगळ्यात उत्तम, ते आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं, फक्त खिळे शोधून काढा. वर जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचा बोळा गोळा करून टाकू नका, तो आपोआप तापून पेटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

प्रश्न : बागेसाठी देणगी दिलेल्यांच्या नावाचा फलक लावायचा आहे. समितीला लाकडी हवाय, नैसर्गिक दिसतो म्हणून.

बाहेर लाकूड नको. ऊन लागून ते करडं होतं, अक्षरं पुसट होतात आणि तीन-चार वर्षांत नवीन फलक करायची वेळ येते, म्हणजे साहित्य दुप्पट गेलं. दगड घ्या नाहीतर स्टेनलेस स्टील, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचं. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसती प्रिंट नको. सगळी नावं एकाच पत्र्यावर न कोरता फ्रेम कायमची करा आणि प्रत्येक नावाची वेगळी पट्टी स्क्रूने बसवा, नवीन नाव आलं की एक पट्टी वाढते, एक चूक झाली की एकच बदलते. पट्टी ज्या धातूची त्याच धातूचे स्क्रू वापरा, ॲल्युमिनियमच्या पट्टीला पितळी स्क्रू लावला की पावसात त्याच्याभोवतीची पट्टी पोखरली जाते.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये फिरता चषक आहे, जवळपास चाळीस वर्षं. आता नावं लिहायला जागाच उरली नाही. नवीन मोठा घ्यावा असं काहीजण म्हणतात.

कृपा करून नवीन घेऊ नका! चाळीस वर्षांत एकच चषक लागला, यापेक्षा चांगलं काय असतं. आईस हॉकीतला स्टॅन्ली कप बघा, १८९३ पासून दिला जातोय, त्याच्या खालच्या भागाला नावांचे पट्टे आहेत, शेवटचा पट्टा भरला की सगळ्यात जुना वरचा पट्टा काढून संग्रहालयात ठेवतात आणि खाली नवीन कोरा बसवतात. कप तेवढाच राहतो. तुमच्या चषकाच्या लाकडी बेसला खालून गोल बसेल असं एक लाकडी कडं करून घ्या, मिश्र लाकूड नको, आधीचं आहे त्याच जातीचं, आणि जुन्या पट्ट्या काढून क्लबच्या भिंतीवर एका फळीवर लावा. काढायच्या आधी त्यांवर ज्यांची नावं आहेत त्यांना फोन करा, चाळीस वर्षांपूर्वीचे विजेते अजून असतील तर स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात द्या.